दांडी, पिन आणि चार टन धान

दिवाळी उलटली की गोंदिया जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉलीची वर्दळ सुरू होते. बांधीतले पुंजणे चुरून झालेले असतात, धान कट्ट्यांत भरलेला असतो आणि तो पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर पोहोचवायचा असतो. बाघ-इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्यांची हीच धावपळ पावसाच्या तोंडावर पुन्हा होते. मधल्या दिवसांत तीच ट्रॉली शेणखत, मुरूम, विटा, तणीस असे काय पडेल ते वाहते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला धानाचे कोठार म्हणतात. ते कोठार भरते आणि रिते होते ते बहुतांशी याच लोखंडी पेटीतून.

ट्रॅक्टरबद्दल आपण पुष्कळ बोलतो. किती अश्वशक्तीचा, डिझेल किती पितो, चिखलणीत कसा चालतो, हे गावातले पोरही सांगेल. ट्रॉलीबद्दल मात्र कोणी फारसे विचारत नाही. ट्रॅक्टर कारखान्यात तयार होतो, त्याच्या मागे अभियंते असतात, चाचण्या असतात. ट्रॉली बहुतेक वेळा तालुक्याच्या गावी, वेल्डिंगच्या दुकानात उभी राहते. चॅनल, पत्रा, एक किंवा दोन आस, दोन किंवा चार चाके आणि पुढे दांडी. कारागीर हुशार असतात, त्यांच्या ट्रॉल्या वर्षानुवर्षे टिकतात. पण ती ओढताना काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय तिच्याशी नीट वागता येणार नाही.

साधा हिशोब करू. खरेदी केंद्रावरचा कट्टा चाळीस किलोचा. शंभर कट्टे भरले की चार टन झाले. ट्रॉलीचे स्वतःचे वजन एक-सव्वा टन धरा. म्हणजे मागे पाच टनांहून अधिक ओझे आणि पुढे ओढणारा ट्रॅक्टर जेमतेम दोन टनांचा. एवढे ओझे तो ओढतो, कारण त्याचे गिअर त्यासाठीच बनवलेले असतात. थांबवायची वेळ आली की गणित उलटे होते. ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आणि ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. दोन टनांच्या गाडीने स्वतः थांबायचे आणि मागून रेटा देणारे पाच टनही थोपवायचे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी दहा किलोमीटरला जे सहज जमते, ते पंचवीसला जमत नाही, याचे कारण एवढेच आहे.

ब्रेकविषयी आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. बांधीच्या कोपऱ्यात जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय आहे. रस्त्यावर येताच दोन्ही पायपट्ट्या कडीने जोडायच्या असतात. कडी न लावता घाईत एकाच पट्टीवर पाय पडला, तर एकच चाक धरते, ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत नेते. शेतातून डांबरी रस्त्यावर चढताना कडी लावायला क्षणभर पुरतो, आणि तरीही हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

उतारावर चूक भोवतेच. देवरीजवळच्या मासुलकसा घाटात किंवा सालेकसा-दरेकसा भागातल्या चढउतारांवर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणे म्हणजे इंजिनाचा आधार स्वतःहून तोडणे. ज्या गिअरमध्ये तो उतार चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि गिअर उताराच्या आधी टाकावा. उतारावर क्लच दाबून गिअर बदलू गेले, की तेवढ्या वेळात ट्रॉली वेग घेते आणि मग पुन्हा गिअर पडत नाही. जुने चालक नव्या पोराला हेच आधी शिकवतात.

आता भराईकडे वळू. बैलबंडी हाकणाऱ्यांना हे ज्ञान रक्तात होते. ओझे मागे जास्त झाले की बंडी उलार होई, जू वर उचलले जाई आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळे. पुढे जास्त झाले तर सगळा भार मानेवर. म्हणून बंडी भरणारा मधूनच दांडी हाताने उचलून अंदाज घेत असे. दोनचाकी ट्रॉलीचे शास्त्र याहून वेगळे नाही. अमेरिकेत सुटीवर निघणारी कुटुंबे पिकअप ट्रकमागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडतात. तिथला सर्वमान्य नियम असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यावा. त्याहून कमी झाला, की वेगात ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि शेवटी ओढणाऱ्या गाडीलाच घेऊन आडवा होतो. आपला ट्रॅक्टर तेवढ्या वेगाने धावत नाही, त्यामुळे धोका वेगळ्या रूपात येतो. दांडीवर भार फार झाला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडतात आणि स्टेअरिंग फिरवूनही तो वळत नाही. हुकावर किती भार चालतो, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चारचाकी ट्रॉलीचे वजन तिची चाके पेलतात आणि हुकावर फक्त ओढ येते. मात्र ती मागे घेणे कठीण, कारण तिला वळणाऱ्या दोन जागा असतात.

ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांना जोडते ती एक पिन. या सगळ्या व्यवहारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू तीच. कंपनीची पिन हरवली की सळईचा तुकडा किंवा मोठा बोल्ट अडकवून काम भागवले जाते. तो झिजतो, वाकतो, खड्ड्यात उसळून वर येतो. पिनच्या खालच्या टोकाला छोटी लॉकपिन हवीच. त्याशिवाय दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक साखळीही हवी. पिन निसटली तरी साखळीने दांडी जमिनीत रुतत नाही आणि सुटलेली ट्रॉली समोरच्या माणसांवर जात नाही. पिकअपमागच्या ट्रेलरला अशा दोन साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या आडव्या बांधतात, म्हणजे सुटलेली दांडी त्यांच्या झोळीत पडते. आपल्या कुठल्याही लोहाराला हे काम अर्ध्या दिवसात जमेल.

भरलेली ट्रॉली बांधीतून काढतानाचा अपघात मात्र वेगळाच. चाके चिखलात रुतलेली, समोर धुऱ्याचा चढ. चालक क्लच एकदम सोडतो. मागचे चाक फिरू शकत नाही, म्हणून इंजिनाचा जोर सगळा ट्रॅक्टरच त्या चाकाभोवती फिरवतो. पुढचा भाग उठतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत ट्रॅक्टर चालकावर पालथा होतो. दांडी जर ठरलेल्या हुकाऐवजी वरच्या कुठल्या छिद्रात अडकवली असेल, तर हे आणखी लवकर घडते, कारण मागच्या चाकांच्या आसाच्या पातळीच्या वरून होणारी ओढ ट्रॅक्टरला मागेच खेचते. उपाय साधे आहेत. दांडी खालच्या हुकालाच लावावी, धुरा फावड्याने उतरता करून घ्यावा, निम्मे कट्टे उतरवावेत, क्लच हळू सोडावा. निम्मे कट्टे पुन्हा चढवायला लागणारा अर्धा तास फार वाटतो, पण तो वाचवण्यासारखा नाही.

धान वाहण्याचे दिवस म्हणजे लवकर अंधारण्याचे आणि पहाटेच्या धुक्याचे दिवस. ट्रॉलीचा मागचा दिवा बहुधा तुटलेला किंवा मुळात नसलेला असतो, आणि तणसाचा भारा बाहेर आला की रिफ्लेक्टरही झाकला जातो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला समोर काळोखच दिसतो. ट्रॉली पंक्चर झाली की चाकांना दगड लावून ती रस्त्यातच ठेवतात, आणि निघताना दगड तिथेच राहतात. हे दगड दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी जीव घेऊ शकतात. ते उचलून बाजूला टाकायला मिनिटही लागत नाही.

आणि माणसे. रोवणीच्या बाया, लग्नाचे वऱ्हाड, माघ पौर्णिमेला कचारगडला आणि महाशिवरात्रीला प्रतापगडला निघालेले भाविक. ट्रॉलीत बसून जाणे ही गावाकडची गरज आहे, हे मला मान्य आहे. बस वेळेवर नसते, असली तर पाड्यापर्यंत येत नाही. तरीही ट्रॉलीत धरायला काही नसते आणि ती उलटली तर माणूस लोखंडाखाली सापडतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली आणि सात जणी गेल्या. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीतल्या माणसांसाठी काढलेला नसतो, त्यामुळे मागे राहिलेल्यांची परवड वेगळीच.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते. तिचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूला आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही तिच्यावर दिसायला हवा. रस्त्यात अडवून दंड करण्याने हे किती साधेल, याची मला शंका वाटते. त्यापेक्षा एक जागा आयती आहे. हंगामात जिल्ह्यातल्या असंख्य ट्रॉल्या खरेदी केंद्रावर येतात आणि काटा होईपर्यंत रांगेत उभ्या असतात. तिथेच पिन, साखळी, मागचा दिवा आणि ब्रेकची कडी पाहून घ्यावी. ज्याच्याकडे नाही त्याला लॉकपिन आणि लाल रिफ्लेक्टरची पट्टी तिथेच द्यावी, त्याचे पैसे धानाच्या चुकाऱ्यातून वळते करावेत. नवी ट्रॉली बनवून घेणाऱ्याने वेल्डिंगवाल्याला पहिल्याच दिवशी सांगावे, की चाकांना ब्रेक बसवूनच दे. खर्च वाढेल. पाच टन ओझे मागे असलेल्या माणसाने तो करायलाच हवा.