प्रत्येक धाप दम्याची नसते

न्हावा शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून उरण तालुक्यात कुणाचा खोकला लांबला की बोट आधी कंटेनरच्या ट्रेलरकडे जातं. त्यात वावगं काही नाही. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण हट्टी खोकल्याचं एक दुर्मीळ कारण असंही आहे, की ज्याचा धुराशी संबंध सिद्ध झालेला नाही. ते बहुतेकदा पन्नाशी-साठीतल्या, कधीही सिगारेट न ओढलेल्या बायकांमध्ये सापडतं. डॉक्टर त्याला ‘डिपनेक’ म्हणतात.

श्वासनलिकांच्या अस्तरात शंभरात एखादीच असेल-नसेल अशी एक पेशी असते. प्राणवायू कमी पडला की ती ओळखते आणि रसायनं सोडून आजूबाजूला खबर देते. डिपनेकमध्ये हीच पेशी अकारण वाढत सुटते. गाठ पाच मिलिमीटरच्या आत असेल तर ‘ट्यूमरलेट’, त्यापुढे ‘कार्सिनॉइड’, म्हणजे बहुधा संथ वाढणारा कर्करोग. बारीक नळ्या आवळल्या जातात, धाप लागते, छातीत शिट्टी वाजते आणि दमा म्हणून वर्षानुवर्षं पंप चालू राहतो. या आजाराचं पहिलं नीट वर्णन १९९२चं, तेही अवघ्या सहा रुग्णांवरून.

खरी मेख सीटी स्कॅनमध्ये आहे. नेहमीचा स्कॅन श्वास भरून काढतात. श्वास पूर्ण सोडून काढला तर निरोगी फुप्फुस सारखं करडं दिसतं. इथे मात्र अडकलेल्या हवेचे काळे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे उठून दिसतात. सोबत बारीक गाठी. रुग्णाला आधी स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर याच गाठी ‘पसरला’ म्हणून वाचल्या जाण्याचा धोका असतो. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा अनेकदा अपुरा पडतो, म्हणून काहींना शस्त्रक्रियेने नमुना द्यावा लागतो.

औषधाची गोष्ट मला फार आवडते. १९७३ साली अमेरिकेत रॉजे गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत पॉल ब्राझो मेंढ्यांच्या मेंदूत वाढीचं संप्रेरक वाढवणारा पदार्थ शोधत होते. सापडला नेमका उलटा, ते रोखणारा: सोमॅटोस्टॅटिन. गिलमँना १९७७चं नोबेल मिळालं. शोधनिबंधावर पहिलं नाव असलेले ब्राझो मात्र विस्मरणात गेले. हा अन्यायच. मूळ पदार्थ रक्तात जेमतेम काही मिनिटं टिकतो, म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्याच्या साखळीतल्या चौदा दुव्यांऐवजी आठ दुव्यांचं ऑक्ट्रिओटाइड घडवलं. आज ते महिन्यातून एकदा टोचता येतं. डिपनेकच्या पेशींचं रसायनं सोडणंही ते रोखतं, म्हणून बऱ्याच जणींचा खोकला त्याने कमी होतो, पण गाठी विरघळत नाहीत, आणि पुरावा अजून छोट्या रुग्णगटांपुरताच आहे. ‘रामबाण’ म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अनेकींना ठरावीक काळाने स्कॅन करत राहणं पुरतं. एखादी गाठ वाढली तरच कापाकापीचा विचार.

याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तिचं मूळ डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९५२ मध्ये मुंबईत उभारलेल्या कर्करोग संशोधन केंद्रात आहे. तेव्हा तज्ज्ञाचा सल्ला उरणकरांना लांब नाही. पंप नियमित ओढूनही दमा हटत नसेल, तर श्वास सोडून स्कॅन करायला हवा का, हे छातीच्या डॉक्टरांना विचारा. आणि जुन्या स्कॅनच्या सीडी जपून ठेवा. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे त्यांच्याशी ताडूनच कळतं.