गुडघाभर पाणी

जुलै उजाडला की रविवारी सकाळी डबे भरून जवळच्या धबधब्याकडे निघणाऱ्या कुटुंबांची रीघ लागते. लोणावळा, माळशेज, ठोसेघर, आंबोली, ज्याला जे जवळ पडेल ते. तेथे पोचल्यावर कोणीतरी म्हणतेच, "अरे, गुडघ्याएवढेच तर पाणी आहे!" ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एका कुटुंबातील माणसे प्रवाहाच्या मध्यभागी खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी होती. पाणी वाढत गेले आणि त्यांतील पाच जण वाहून जाऊन मृत्युमुखी पडले.

एवढेसे दिसणारे पाणी माणसाला ओढून कसे नेते? हे समजण्यास शाळेतले भौतिकशास्त्र पुरते.

वाहते पाणी पायांवर आदळते तेव्हा त्याचा रेटा पाण्याची घनता, पायांचे प्रवाहासमोर येणारे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या सुमारे निम्मा असतो. (आकारानुसार यात आणखी एक गुणक येतो, पायासारख्या गोल खांबासाठी तो जवळजवळ १ धरता येतो.) समजा, पाणी ४५ सेंटिमीटर खोल आहे आणि प्रत्येक पाय १० सेंटिमीटर रुंद आहे. दोन पायांचे क्षेत्रफळ झाले ०.०९ चौरस मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर रेटा येतो ४५ न्यूटन, म्हणजे सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाइतका. वेग २ मीटर झाला की तो चौपट, १८ किलोग्रॅमचा. ३ मीटर झाला की नऊपट, ४१ किलोग्रॅमचा! वेग दुप्पट म्हणजे धोका दुप्पट, असा आपला सहज समज असतो. येथे तो वर्गच घात करतो.

आता या रेट्याला विरोध कोण करते? केवळ तळव्याखालचे घर्षण. साठ किलोग्रॅम वजनाचे वडील पाण्यात उभे आहेत असे समजा. त्यांच्या पायांनी सुमारे ७ लिटर पाणी बाजूला सारले, तेव्हा आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तळव्यांवर भार उरला ५३ किलोग्रॅमचा. शेवाळलेल्या ओल्या कातळावर घर्षणांक ०.२ धरू. म्हणजे घर्षण जास्तीत जास्त साडेदहा किलोग्रॅमचा रेटा सोसणार. गणित करून पाहा: सेकंदाला दीड मीटर वेगालाच ही मर्यादा संपते. दीड मीटर म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, आपल्या झपाझप चालण्याचा वेग. "पाय घट्ट रोवून उभे राहा" असे मोठी माणसे सांगतात, पण पाय कितीही रोवले तरी वजन वाढत नाही आणि वजन न वाढता घर्षणही वाढत नाही.

त्यांच्या शेजारी वीस किलोग्रॅम वजनाची धाकटी बहीण उभी करा. पाणी तेच, पण तिला ते मांड्यांपर्यंत येते. पाय ८ सेंटिमीटर रुंद धरले, तर सेकंदाला १ मीटर वेगाने येणारा रेटा आहे ३.७ किलोग्रॅमचा. साडेचार लिटर पाणी बाजूला सारल्यामुळे तिचा भार उरतो साडेपंधरा किलोग्रॅम आणि घर्षण अवघे ३.१. म्हणजे ज्या पाण्यात वडील निर्धास्त उभे असतात, त्याच पाण्यात तिचे पाय सुटतात. प्रवाहात आडवी रांग करून हात धरले तर घर्षणांची बेरीज होते हे खरे, पण रेट्यांचीही होते. आणि एकाचा पाय सुटला की त्याची ओढ बाकीच्यांवर येते.

वेग काठावरूनच मोजता येतो. काठाने पाच मीटर अंतर टाका, वरच्या टोकाला एक पान पाण्यात फेका आणि घड्याळ पाहा. पाच सेकंद लागले तर वेग १ मीटर. तीनच सेकंद लागले तर वडिलांचीही मर्यादा ओलांडली गेली आहे. धबधब्याच्या माथ्यावर मात्र हा प्रयोगही नको, कारण कड्याजवळ येताना पाण्याचा वेग वाढत जातो. तेथले पाणी काचेसारखे संथ दिसते. ते दिसणे फसवे आहे.

शिवाय आत्ता मोजलेला वेग अर्ध्या तासाने तोच असेल असे नाही. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र फक्त १ चौरस किलोमीटर आहे असे धरू. त्यावर तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला, तर २०,००० घनमीटर पाणी जमते. ऐन पावसाळ्यात सह्याद्रीच्या बेसाल्टवरची पातळ माती आधीच चिंब भिजलेली असते, त्यामुळे यातले बहुतेक पाणी ओढ्यातच येते: सेकंदाला सरासरी साडेपाच घनमीटर. सहा मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल ओढा सेकंदाला १ मीटर वेगाने वाहताना दोन घनमीटरही वाहून नेत नाही. उरलेल्या पाण्यासाठी त्याला खोली आणि वेग दोन्ही वाढवावे लागतात. हा पाऊस डोंगरापलीकडे पडत असेल तर खाली तुमच्या डोक्यावर ऊनही असू शकते. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या नि पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज जड झाला, की वर काय घडले ते ओळखावे.

परतीच्या रस्त्यावर सकाळी कोरडी असलेली फरशी संध्याकाळी पाण्याखाली गेलेली असते. चारचाकीत बसले की माणसाला वाटते, एवढी जड गाडी काय हलणार! तिचा तळ ३.६ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि जमिनीपासून १७ सेंटिमीटर उंच आहे असे समजा. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढले की ५४० किलोग्रॅमचा उद्धरणभार वर ढकलू लागतो. माणसांसह गाडी हजार किलोग्रॅमची असेल, तर फरशीवर ३६ सेंटिमीटर पाणी असताना, आत पाणी शिरण्यापूर्वीच, ती तरंगण्याच्या बेतात येते. गुडघ्याएवढेही नाही हे पाणी! चाकांवर भार उरत नाही, त्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. मग प्रवाहाने आडवी ढकलायला फारसा वेगही लागत नाही.