बुटाचा नंबर आणि पायाचं माप

स्निकर घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘नंबर काय?’ आपण ‘आठ’ म्हणतो. हा आठ आपल्या पायाचा आहे आणि कुठल्याही कंपनीचा आठ आपल्याला बसेल, असा आपला पक्का समज असतो. मग बूट चावायला लागला की एकतर कंपनी वाईट ठरते, नाहीतर आपला पाय वेडावाकडा ठरतो. मुळात या नंबराने कुणाचा पाय मोजलेलाच नसतो. बूट ज्या फर्म्यावर ओढून शिवतात, त्या फर्म्याची लांबी तो सांगत असतो.

आपल्याकडे ब्रिटिश नंबर चालतो. त्यात एक नंबर वाढला की फर्मा इंचाच्या तिसऱ्या हिश्शाने, म्हणजे ८.४७ मिलिमीटरने लांब होतो. जवाच्या दाण्याची लांबी हे या मापाचं जुनं एकक. त्या हिशेबाने मोठ्यांच्या आठ नंबरचा फर्मा ११ इंच, जवळजवळ २८ सेंटिमीटर भरतो. युरोपीय नंबराची पायरी ६.६७ मिलिमीटरची आहे, म्हणून तिथला ४२ नंबर बरोबर २८ सेंटिमीटरचा होतो. पायऱ्याच वेगळ्या असल्याने एका पद्धतीचा आकडा दुसरीत क्वचितच चपखल बसतो. आदिदासच्या खोक्यावर ‘४२ पूर्णांक दोन तृतीयांश’ असा विचित्र आकडा दिसतो, तो यामुळेच.

आता २८ सेंटिमीटरच्या फर्म्यात केवढा पाय जावा आणि बोटांपुढे किती जागा सोडावी, हे कुठलंच सूत्र सांगत नाही. ते ज्या त्या कंपनीने ठरवायचं असतं. पुरुषांचे बूट पाहा. नायकीच्या आठ नंबरवर २७ सेंटिमीटर लिहिलेलं असतं. प्यूमा आणि असिक्सही आठला २७ म्हणतात. आदिदास आणि न्यू बॅलन्सच्या आठवर मात्र २६.५ असतं, आदिदासमध्ये २७ हवं असेल तर साडेआठ मागावा लागतो. नंबर तोच, फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. धावताना अंगठ्याचं नख काळंनिळं पडायला एवढा फरक पुरतो.

परदेशातून बूट मागवताना हा गोंधळ आणखी वाढतो. पुण्यातले काका अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर ‘आठ नंबर आण’ सांगतात आणि तो तिथला आठ घेऊन येतो. नायकीचा अमेरिकन आठ म्हणजे ब्रिटिश सात. आदिदासमध्ये हे अंतर अर्ध्याच नंबराचं असतं. बायकांचा अमेरिकन नंबर तर पुरुषांच्या नंबराहून नायकीत दीडने, आदिदासमध्ये एकने आणि कॉन्व्हर्समध्ये दोनने जास्त धरतात. तेव्हा भाच्याला नंबर सांगूच नका, सेंटिमीटर सांगा.

‘निदान एका कंपनीचे सगळे बूट तरी सारखे येतात,’ असं पुष्कळजण मानतात. तेही खरं नाही, कारण मॉडेल बदललं की फर्मा बदलू शकतो. कॉन्व्हर्सचे चक टेलर मोठे येतात, अर्धा नंबर कमी घ्या, असं कंपनी स्वतः सांगते. नायकीचा एअर फोर्स वन घेणारे बरेचजण त्यातही अर्धा नंबर खाली उतरतात. त्याच माणसाला त्याच कंपनीचा धावण्याचा बूट कदाचित अर्धा नंबर मोठा लागेल. पायाला आत किती जागा मिळते, हे आतलं अस्तर, जीभ, टाचेची गादी आणि वरचं कापड यांवरही ठरतं. जुन्या जोडीवरचा आकडा पाहून नवं मॉडेल मागवणं म्हणूनच भरवशाचं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र रुंदीचा आहे. चवड्याला बूट घट्ट झाला की दुकानात सर्रास सांगतात, ‘एक नंबर मोठा घ्या.’ मोठ्या नंबरात चवड्याला थोडी जागा मिळते खरी, पण लांबी उगाच वाढते. बूट जिथे वाकायला हवा ती जागा पुढे सरकते, टाच आत निसटते आणि ती धरून ठेवायला बोटं नकळत आकसतात. रुंद पायाला रुंद फर्माच हवा. अमेरिकन पद्धतीत पुरुषांची नेहमीची रुंदी ‘डी’, त्याहून रुंद ‘२ई’ आणि त्याहूनही ऐसपैस ‘४ई’. बायकांची नेहमीची रुंदी ‘बी’ असते, म्हणून रुंद पायाच्या बाईला पुरुषांचा लहान नंबर अनेकदा जास्त चांगला बसतो. न्यू बॅलन्स, असिक्स यांसारख्या कंपन्या काही मॉडेल या रुंद मापांत काढतात. दुकानात मांडलेली नसली तरी विचारा.

आपल्याकडे हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय सरासरीने युरोपीय आणि अमेरिकन पायापेक्षा रुंद असल्याचं त्यात आढळलं आणि त्यावरून ‘भा’ या नावाने भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. तेव्हा परदेशी फर्म्यावरचा बूट चवड्याला आवळत असेल, तर दोष तुमच्या पायाचा नाही.

‘वापरून सैल होईल’ हे अर्धंच खरं आहे. चामडं रुंदीला थोडं ताणलं जातं. जाळीच्या आणि कृत्रिम कापडाच्या बुटांत तेवढीही आशा नको. लांबी तर कशातच वाढत नाही. पहिल्या दिवशी अंगठा पुढे टेकत असेल, तर तो पुढेही टेकणारच.

‘वाढ थांबली की पायाचं माप कायमचं ठरलं’ हेही चूक. वयाबरोबर पायाची कमान बसते आणि पाय लांब-रुंद होतो. गरोदरपणानंतर अनेक बायकांचा नंबर बदलतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर इथे फारच जपायला हवं. पायाची संवेदना कमी झाली की घट्ट बूटच ‘नीट बसलेला’ वाटतो. तो बोटाला घासत राहतो, दुखत नाही, आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. अशांनी ‘बरं वाटतंय’ यावर विसंबू नये. माप घ्यावं आणि बूट काढल्यावर पाय रोज पाहावा.

माप घरी घेता येतं. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून ते संध्याकाळी घ्या. जे मोजे घालणार तेच घाला, टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, हिशेब त्याचाच धरा. चवड्याची रुंदीही लिहून ठेवा. दुकानात नुसतं टोक दाबून पाहू नका. टोक कडक असेल तर त्यातून काही कळत नाही. आतला तळवा निघत असेल तर तो काढून त्यावर उभे राहा. बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे आणि चवडा कडेबाहेर येता कामा नये.

खोक्यावरच्या चिठ्ठीवर ब्रिटिश, अमेरिकन, युरोपीय नंबरांशेजारी ‘सीएम’ किंवा ‘जेपी’ असा आणखी एक आकडा असतो. केवढ्या लांबीच्या पायासाठी तो बूट आहे, ते कंपनीने तिथे लिहिलेलं असतं. पुढच्या खरेदीला आधी तो वाचा, आणि मग दोन्ही पायांत बूट घालून दुकानात चालून पाहा.