आग लागली की आग होतेय?

सांगलीशेजारच्या कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीतलं बीड साधारण १२०० अंशांच्या आसपास वितळतं. साच्यात ओतायचं तर त्याहून बरंच तापवावं लागतं. त्या धगीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कितीतरी हात राबतात. त्यांना मराठी शिकवायची तर ती आगीच्या शब्दांपासून शिकवावी, असं मला मनापासून वाटतं. इथं शब्द उलटा कळला तर माणूस भाजतो.

ग्राइंडिंगवरचा कामगार डोळे चोळत म्हणतो, ‘डोळ्यांची नुसती आग होतेय.’ नवख्याला त्यातलं ‘आग’ तेवढं ऐकू येतं आणि तो वाळूच्या बादलीकडे धावतो. हिंदीत याला ‘जलन’ म्हणतात, त्यामुळे त्याचं काही चुकलेलं नसतं. मराठीत अशा वेळी कान क्रियापदाकडे हवा. आग लागली, की मुख्य स्विच बंद करा आणि बाहेर पडा. आग होतेय, की डोळे धुवा. पोटात आग पडली, की डबा उघडा. तळपायाची आग मस्तकात गेली, की समोरच्याला जरा शांत होऊ द्या. सुरक्षिततेच्या फलकावर यातली निदान पहिली दोन वाक्यं चित्रांसह शेजारी-शेजारी लावावीत.

इंग्रजी शिकणारे चिनी विद्यार्थीही असेच अडखळतात. ‘फायर’ म्हणजे आग, गोळी झाडणं आणि नोकरीवरून काढणंही. त्यांच्या भाषेतही ‘आग’ हा शब्द रागासाठी येतो आणि एखादं गाणं गाजलं तरी येतो. रेल्वेला ते शब्दशः ‘आगीची गाडी’ म्हणतात. मिरजेच्या स्टेशनावर आपल्या आजोबांनीही आगगाडीच पकडली.

विस्तवाची गोष्ट निराळी. खेड्यात अजून ‘इस्तू’ म्हणणारी माणसं आहेत. पूर्वी शेजारच्या चुलीतला निखारा आणून आपली चूल पेटवायची रीत होती. ती डोळ्यांसमोर आणली, की दोघांमधून विस्तव जात नाही म्हणजे काय, हे परक्यालाही चटकन कळतं.

‘भट्टी’ हा शब्द तर कुपवाडात पहिल्याच दिवशी तोंडी बसतो. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं ते शेजारच्या सांगलीत, आणि तिथं नाटक रंगलं की प्रेक्षक म्हणतात, ‘भट्टी जमली!’