खेळातला पूल आणि धामचा खडक

1938 साली विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनारला राहायला आले, ते धाम नदीवरचा पूल ओलांडून. धाम काही गोदावरी नव्हे, पण पूल कसा उभा राहतो हे समजायला पुरेशी आहे.

आधी हे खेळात पाहू. 'पॉली ब्रिज' हा 2016 साली आलेला, पूल बांधायचा संगणकावरचा खेळ. पैसे मोजके, मध्ये नदी, गाडी पलीकडे पोचवायची. नवखा खेळाडू या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रस्ता टाकतो आणि गाडीसकट बुडतो. साहजिकच आहे. दोन टोकांवर टेकलेल्या, सगळीकडे सारखा भार असलेल्या तुळईचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, दुप्पट केला, की तिला वाकवणारा जोर चौपट होतो; तुळई तीच ठेवली तर झोळ सोळापट! म्हणून त्रिकोण जोडायचे. चौकोन कलंडतो, त्रिकोण मात्र बाजू मोडल्याखेरीज आकार सोडत नाही. पात्र रुंद असेल तर मध्ये खांब देऊन गाळे लहान करायचे.

पण खेळातलं पाणी बहुतेक शोभेचं असतं. खऱ्या नदीत पुराचा लोंढा खांबावर आदळतो, तिथे भोवरे होतात आणि ते बुडाची वाळू उकरून नेतात. वरून वाहत आलेली झाडं अडकली की रेटा आणखी वाढतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात जुना दगडी पूल कोसळला, त्यात एसटीच्या दोन गाड्या गेल्या. पवनारला मात्र विनोबांच्या आश्रमाच्या पायऱ्या उतरल्या की पात्रात काळा खडकच उघडा दिसतो. पाया घालणाऱ्याला आणखी काय हवं?