इमामांचा पूल

बगदादच्या उत्तर भागात टायग्रिस नदी मोठे वळण घेते. तिच्या पश्चिम तीरावर काझिमिया, समोर पूर्व तीरावर आधमिया आणि या दोघींना जोडणारा 'जिस्र अल-अइम्मा', म्हणजे इमामांचा पूल. नाव अनेकवचनी आहे, कारण इमाम दोन्ही तीरांना आहेत.

काझिमियात शियांचे सातवे इमाम मूसा अल-काझिम आणि नववे इमाम मुहम्मद अल-जवाद यांच्या कबरी एकाच दर्ग्यात आहेत. दोन सोनेरी घुमट, चार उंच मिनार आणि भोवती सोनारांच्या दुकानांनी गजबजलेला बाजार. 'काझिम' म्हणजे राग गिळणारा. पलीकडे आधमियात अबू हनिफा यांची मशीद आहे. त्यांना 'इमाम-ए-आझम' म्हणतात आणि वस्तीचे नाव त्यावरूनच पडले. कोकणी मुसलमान शाफी असले तरी महाराष्ट्रातील बाकीचे बहुतेक सुन्नी हनफी, म्हणजे याच अबू हनिफांच्या परंपरेतले.

या दोन इमामांच्या अखेरीत एक विलक्षण साम्य आहे. 762 मध्ये बगदाद वसवणाऱ्या खलिफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद अबू हनिफांनी नाकारले. त्यासाठी त्यांना कैद झाली आणि 767 मध्ये त्यांचा अंत झाला. बत्तीस वर्षांनी मन्सूरचाच नातू हारून अल-रशीद याच्या कैदेत मूसा अल-काझिम वारले. परंपरा दोघांविषयी असेच सांगते: एकाच राजघराण्याच्या तुरुंगात दोघांनी प्राण सोडले. आज दोघे नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत.

31 ऑगस्ट 2005. मूसा अल-काझिम यांच्या पुण्यतिथीचा दिवस. लाखो शिया यात्रेकरू काझिमियाकडे चालले होते आणि त्यांतले असंख्य लोक पूर्वेकडून याच पुलावर आले. सकाळीच दर्ग्याच्या परिसरात तोफगोळे पडून माणसे मेली होती, त्यामुळे मने आधीच धास्तावलेली. पुलावर तपासणीसाठी उभारलेल्या सिमेंटच्या अडथळ्यांनी वाट अरुंद झाली होती. तेवढ्यात कुणीतरी ओरडले की गर्दीत आत्मघातकी हल्लेखोर आहे. मग जे झाले त्याला चेंगराचेंगरी हा शब्द तोकडा पडतो. लोखंडी कठडा तुटला, माणसे नदीत कोसळली. साडेनऊशेहून अधिक बळी गेले. त्यांत बायका आणि मुले फार होती. एका अफवेने एवढे जीव घ्यावेत, इतकी भीती त्या शहराच्या हाडीमासी भिनली होती. पुलावर मागे उरला तो चपलांचा खच.

आधमियाच्या सुन्नी तरुणांनी मात्र पाण्यात उड्या टाकल्या. उस्मान अली अल-उबैदी हा त्यांतलाच एक, पट्टीचा पोहणारा. एकामागून एक जीव त्याने काठाला आणले आणि शेवटी दमून तो स्वतःच बुडाला. ज्यांना वाचवायला तो उतरला ते दुसऱ्या पंथाचे आहेत हे त्याला ठाऊक होते. त्या दिवशी बगदादमध्ये ते न कळणारा कुणीच नव्हता.

इराकमधले पंथभेद अमेरिकी फौजेने निर्माण केले, असे मी म्हणणार नाही. सद्दामच्या राजवटीने शियांवर आणि कुर्दांवर केलेल्या अत्याचारांच्या जखमा खोल होत्या. पण कब्जा करणाऱ्या सत्तेने त्या भेदांनाच राज्यकारभाराचा पाया केले. मे 2003 मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आधी सद्दामच्या बाथ पक्षाच्या लोकांना पदांवरून हटवण्याचा आणि मग सैन्य बरखास्त करण्याचा हुकूम काढला. लाखो माणसे रोजगाराविना, पण शस्त्रांसह घरी गेली. जुलैमध्ये 25 जणांचे शासकीय मंडळ नेमले गेले: 13 शिया, 5 अरब सुन्नी, 5 कुर्द, 1 तुर्कमेन, 1 ख्रिस्ती. माणसाची ओळख आता मोजणीचे माप ठरली. त्याआधी एप्रिलमध्ये अबू हनिफा मशिदीबाहेर सुन्नी आणि शिया एकत्र येऊन परकीय फौजेविरुद्ध घोषणा देत होते, हे किती जणांच्या लक्षात राहिले?

असेच 1920 मध्येही घडले होते. ब्रिटिशांविरुद्धच्या उठावाच्या वेळी बगदादच्या मशिदींतून सुन्नी मौलूद आणि शिया शोकसभा एकत्र होत. त्या ब्रिटिश सत्तेच्या वाटेवर आपलीही माणसे सांडली आहेत. याच नदीच्या खालच्या अंगाला कूत येथे 1916 च्या एप्रिलमध्ये शरण गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. पुढच्या वर्षी ब्रिटिश फौज बगदादमध्ये शिरली.

फेब्रुवारी 2006 मध्ये सामर्रा येथील शियांच्या अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवला गेला आणि बगदाद रक्ताने न्हाले. इराकी ओळखपत्रावर पंथ नसतो, पण नावावरून तो ओळखून नाक्यांवर माणसे मारली गेली. मिश्र मोहल्ले रिकामे झाले. आधमिया उरली ती शिया वस्त्यांच्या वेढ्यातली सुन्नी वस्ती म्हणून. एप्रिल 2007 मध्ये अमेरिकी सैन्याने तिच्याभोवती सुमारे 5 किलोमीटर लांब, साडेतीन मीटर उंचीची सिमेंटची भिंत उभारायला घेतली. संरक्षणासाठी, असे सांगण्यात आले. आधमियाचे लोक तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. पंतप्रधान मलिकी यांनीही काम थांबवायला सांगितले, तरी भिंत वाढतच गेली. ज्यांचे रक्षण करायचे त्यांनाच ती नको होती, हे मला त्या सगळ्या कहाणीत सर्वांत बोचते.

पूल मात्र चेंगराचेंगरीच्या दिवसापासून बंद होता. एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जायला लांबचा वळसा पडे, आणि वाटेत कुठल्या नाक्यावर कोण उभे असेल याचा भरवसा नव्हता. 11 नोव्हेंबर 2008 रोजी तो पुन्हा खुला झाला. दोन्ही बाजूंनी लोक चालत निघाले. जिथे तीन वर्षांपूर्वी चपला विखुरल्या होत्या, तिथे पुलाच्या मध्यावर ते एकमेकांना भेटले.