एका ताऱ्याची प्रत ठरवताना

जेसोरच्या सरकारी खजिन्यात राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ नाणी पारखण्याच्या नोकरीत होते. शिक्षण शाळेपुढे गेलेलं नव्हतं. १९१० साली हॅलेचा धूमकेतू पाहिला आणि आकाशाचा नाद पक्का झाला. पुढे पदरमोड करून एक छोटी दुर्बीण घेतली. दिवसा कचेरी, रात्री रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे. आपल्या नोंदी ते ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ या संस्थेला धाडत. त्या इतक्या भरवशाच्या ठरल्या की १९२६ मध्ये संस्थेने त्यांना वापरायला सहा इंची दुर्बीण पाठवली. १९५४ पर्यंत त्यांच्या नोंदी ३७ हजारांवर गेल्या होत्या.

आपल्याकडे आकाशदर्शनाची परंपरा चांगली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी मंडळींना एकत्र आणते आहे. शनीची कडी पाहून माणूस हरखतो, आणि हरखायलाच हवं. पण पाहिलेलं मोजून लिहून ठेवावं, ही पुढची पायरी फार थोडे चढतात, याची मला मनापासून खंत वाटते. त्या पायरीला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

मोठ्या वेधशाळा असताना आपल्या नोंदींचा उपयोग काय? मोठ्या दुर्बिणीवरचा वेळ मोजूनमापून मिळतो. एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षं रोज पाहणं तिथे परवडत नाही. शिवाय तेजस्वी ताऱ्यांनी त्यांचे संवेदक दिपून जातात. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, एरवी साधारण ०.५ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं तेज कमी). २०१९ च्या अखेरीपासून तो मंदावत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेले अंदाजही जगभरातून नोंदले जात होते. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली, असा उलगडा पुढे झाला.

सुरुवातीला वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा तारा घ्यावा. दिवाळीच्या सुमारास रात्री आठला उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. शर्मिष्ठेच्या डावीकडे, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर तीन ताऱ्यांचा एक लहान त्रिकोण सापडेल. त्यातला शर्मिष्ठेच्या बाजूचा तो डेल्टा. उरलेले दोघे झीटा आणि एप्सिलॉन. गावाकडे नुसते डोळे पुरतात, शहरात ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री घ्यावी. झीटाची प्रत ३.४, एप्सिलॉनची ४.२ आणि दोन्हींचं तेज स्थिर. आकडा वाढतो तसं तेज घटतं, एवढं ध्यानात ठेवायचं. डेल्टा दोघांच्या बरोबर मधला वाटला तर ३.८ लिहायचं; एप्सिलॉनकडे अधिक झुकलेला, म्हणजे झीटापासून तीन भाग आणि एप्सिलॉनपासून एक भाग दूर असा वाटला, तर ४.०. झालं निरीक्षण! पाच दिवस नऊ तासांत हा तारा ३.५ ते ४.४ च्या दरम्यान फेरी पूर्ण करतो. उजळतो झपाट्याने, मंदावतो सावकाश. दोन आठवड्यांचे अंदाज आलेखावर मांडले की ही चाल स्वतःच्या नोंदींतून दिसू लागते.

हा बदल १७८४ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने टिपला. लहानपणीच ऐकू येईनासं झालेला हा मुलगा तेव्हा विशीत होता. २१ व्या वर्षी तो वारलाही. याच जातीच्या ताऱ्यांना पुढे सेफीड म्हणू लागले. त्यांचा आवर्तकाळ आणि खरं तेज यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवला आणि त्याच्याच आधारे एडविन हबलने देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे सिद्ध केलं. मला हा इतिहास कितीही वेळा सांगायला आवडतो.

नोंदीची शिस्त मात्र काटेकोर हवी. तारीख, वेळ, कोणत्या ताऱ्यांशी तुलना केली आणि आकाश कसं होतं, हे सगळं तिथल्या तिथे लिहायचं. आपली घड्याळी वेळ विश्ववेळेच्या साडेपाच तास पुढे असते, ते वजा करायचे. लालसर ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, तो डोळ्यांना आहे त्याहून तेजस्वी भासू लागतो. ओझरत्या नजरेनेच तुलना करावी. आणि आजचा अंदाज लिहिण्याआधी कालचा आकडा किंवा इतरांचे आकडे पाहू नयेत. अपेक्षा डोळ्यांना वळवते. आपला आकडा इतरांपेक्षा वेगळा आला म्हणून तो खोडला, तर त्या नोंदीचा अर्थच संपतो.

हात बसला की ययातीतल्या अल्गोलकडे वळावं. दर दोन दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार त्याच्या आड येतो आणि काही तासांतच प्रत २.१ वरून ३.४ वर जाते. दर पंधरा मिनिटांनी अंदाज घेत गेलं तर तेज नेमकं केव्हा तळाला पोहोचलं, हे काढता येतं. अशा जोडताऱ्यांच्या वेळा वर्षानुवर्षं नोंदल्या की त्यांच्या कक्षेतला सूक्ष्म बदलही कळतो. तिकाटण्यावर डीएसएलआर लावून छायाचित्रांवरून प्रत मोजणारे आणखी अचूकपणा गाठतात.

दुर्बीणच नको असेल त्यांनी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव मोजावा. चटईवर आडवं व्हायचं, किती वेळ पाहिलं, किती उल्का दिसल्या, सर्वांत मंद तारा कोणत्या प्रतीचा दिसत होता, ते लिहायचं आणि आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे पाठवायचं.

भारतातल्या नोंदींना आणखी एक मोल आहे. आपली मध्यरात्र म्हणजे अमेरिकेचा दिवस आणि युरोपची संध्याकाळ. आलेखातल्या त्या तासांची भर इथून पडू शकते. पावसाळ्याचे चार महिने आपल्या हाती नाहीत, म्हणून कार्तिक ते वैशाख या स्वच्छ रात्रींवर सारी भिस्त. रूपविकारी ताऱ्यांच्या संस्थेकडे निरीक्षक म्हणून नोंदणी केली की एक सांकेतिक नाव मिळतं, आणि पाठवलेला प्रत्येक अंदाज त्या नावाने त्या ताऱ्याच्या आलेखावर एक ठिपका म्हणून उमटतो.